बारा आण्यांचे आठ आणे

पेढीच्या एका जुन्या वहीतील एका पानाची बेरीज जुळत नव्हती. पानाच्या पायथ्याशी आजोबांच्या हातची रक्कम होती १२४६ रुपये ७ आणे. त्याच पानावरील नोंदी ओळीने मांडून केलेली बेरीज मात्र १२४३ रुपये २ आणे येत होती. तफावत ३ रुपये ५ आण्यांची. आज एवढ्यात चहाचा अर्धा पेलाही मिळावयाचा नाही. परंतु ते पान आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्या वाटणीच्या खात्याचे होते, आणि त्या वाटणीविषयी दोन्ही घरांत तीन पिढ्या एक कुजबुज चालत आली आहे. धाकट्या घराकडे काहीतरी कमी गेले, अशी ती कुजबुज.

धाकट्या घरातील सर्वांत वडील म्हणजे माझे चुलतबंधू. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. बेरजेची गोष्ट कानावर गेली तेव्हा दूरध्वनीवर ते हसत म्हणाले, "म्हणजे आमचे आजोबा म्हणत होते त्यात तथ्य होते म्हणायचे." ते हसले खरे, मला हसू आले नाही.

ती चूक आजोबांची नव्हती. ती माझी होती, आणि ती वहीत नव्हे, तर संगणकावर, छायाप्रती लहान करताना झाली होती. आपल्यापैकी अनेक घरांत सध्या जुन्या वह्या, छायाचित्रे, मंदिरातील पोथ्या यांच्या छायाप्रती काढण्याचे काम चालू आहे. त्यांच्यासाठी हा प्रकार सविस्तर लिहितो.

पेढीला शंभर वर्षे पूर्ण होत असल्याने दोन्ही घरांनी मिळून एक स्मरणिका काढावयाचे ठरवले. वाड्याच्या माळ्यावर रोजकीर्द आणि खतावणी मिळून सात वह्या सापडल्या. पहिल्या पानावर 'श्री महावीराय नमः', आत सारा मजकूर मोडीत. मी बँकेतून निवृत्त झालेलो, हाताशी वेळ आणि घरात स्कॅनर. तेव्हा ३१२ पानांचे काम माझ्याकडे आले. ते मी तीन आठवड्यांत पूर्ण केले. वाचून देणाऱ्या भगिनी पुण्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी सांगितले, "काका, एवढ्या मोठ्या फाइली माझ्याकडे उघडत नाहीत, जरा लहान करून पाठवाल का?"

येथे थोडे गणित करू. ए-फोर आकाराचे पान एका इंचास ६०० बिंदू या मापाने स्कॅन केले की छायाप्रत ४९६० बिंदू रुंद आणि ७०१६ बिंदू उंच होते. एकूण बिंदू सुमारे ३ कोटी ४८ लाख. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात, आणि संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे एवढेच: प्रत्येक बिंदूचा रंग सांगणाऱ्या आकड्यांचा तक्ता. ही प्रत ८०० बिंदू रुंद करावयाची म्हणजे ४९६० ला ८०० ने भागावयाचे. उत्तर ६.२. ही झाली आडव्या दिशेची गोष्ट. उभ्या दिशेलाही तेवढेच. ६.२ गुणिले ६.२ म्हणजे ३८.४४. लहान प्रतीतील एकेका बिंदूने मूळच्या सुमारे ३८ बिंदूंचे प्रतिनिधित्व करावयाचे असते. साऱ्या गोष्टीचे मर्म या ३८ मध्ये आहे. अडतिसांतून एक आकडा कसा काढावयाचा? ज्या नियमाने तो काढतात त्या नियमास फिल्टर असे नाव आहे.

हे काम करणाऱ्या कार्यक्रमाचे नाव इमेजमॅजिक. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत काम करीत असताना जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये तो लिहावयास घेतला आणि १९९० मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आजही तो विनामूल्य मिळतो. त्यात माउसने दाबावयाची चित्रे, बटणे जवळजवळ नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावयाची आणि एंटर दाबावयाचे. आमच्या बँकेत संगणक प्रथम आले तेव्हाचे पडदे असेच होते, त्यामुळे मला ही रीत परकी वाटली नाही. उलट तिचा एक मोठा गुण आहे. एकाच ओळीत ३१२ पानांना एकच नियम लावता येतो, आणि ती ओळ कागदावर लिहून ठेवली की पुढल्या वर्षीही नेमके तेच काम करता येते. माउसने काय काय केले याचे व्हाउचर कोठेच राहत नाही.

भाच्याने मला पहिल्या दोन ओळी शिकवल्या आणि तो परगावी निघून गेला. पुढचे मी माहितीपुस्तिका वाचून केले. त्यात चित्र लहान करण्याच्या दोन आज्ञा शेजारी शेजारी दिसल्या. एक 'रिसाइझ', दुसरी 'सँपल'. सँपल सर्वांत जलद, कारण ती रंगांचे मिश्रण करीत नाही, असे तेथे लिहिले होते. माझा लॅपटॉप जुना, पाने ३१२. जलद ती बरी, असा विचार मी केला. आणि साऱ्या फाइलींवर एकदम काम करावयाचे म्हणून 'मॉग्रिफाय' नावाची आज्ञा वापरली.

मॉग्रिफायचा स्वभाव असा की ती नवी फाइल करीत नाही; जी फाइल दिली तिच्याच जागी बदललेली फाइल लिहिते. 'खात्री आहे का' असे विचारीत नाही. अशा रीतीने पुसली गेलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही, कारण संगणकाच्या लेखी ती काढून टाकलेलीच नसते, केवळ बदललेली असते. काही मिनिटांत तीन आठवड्यांचे मूळ स्कॅन नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी ८०० बिंदूंची पाने बसली. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. ज्याने उभ्या आयुष्यात कनिष्ठांना दुसऱ्या प्रतीवरून बोल लावले, त्याने स्वतः ती ठेवली नाही! त्या वेळी मला याचे विशेष काही वाटलेही नाही. पाने पडद्यावर छान दिसत होती, वह्या वाड्यात सुरक्षित होत्या, पुन्हा स्कॅन करता आली असती.

आता बेरीज का चुकली ते पाहू. जुन्या पिढीस हे ठाऊक आहे, नव्या पिढीसाठी सांगतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे होते. वहीत रुपये आकड्यांत लिहीत, आणे मात्र रेघांनी दाखवीत. चार आण्यांस एक उभी रेघ, आठ आण्यांस दोन, बारा आण्यांस तीन. सुटे एक, दोन, तीन आणे दाखवावयास तेवढ्याच आडव्या रेघा. म्हणजे तीन उभ्या रेघांतील एक पुसली गेली तर जे उरते ते अर्धवट, संशयास्पद चिन्ह नसते. ते आठ आण्यांचे अगदी स्वच्छ, बिनचूक चिन्ह असते. वाचणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही. अक्षर तुटले तर ते तुटलेले दिसते. रेघ गेली तर हिशेब बदलतो आणि पान तसेच नीटनेटके दिसत राहते.

आजोबांच्या टाकाची ही बारीक रेघ मूळ स्कॅनमध्ये सुमारे तीन बिंदू जाडीची होती. आणि सँपल ही आज्ञा करते काय? ३८ बिंदूंच्या चौकोनातील एक बिंदू उचलते आणि उरलेल्या ३७ कडे पाहतही नाही. दर ६.२ बिंदूंनंतर एक बिंदू उचलावयाचा आणि रेघेची जाडी तीन, म्हणजे रेघ सापडण्याचा संभव ३ भागिले ६.२, सुमारे ४८ टक्के. निम्म्याहून थोडा कमी. नाणे उडवून आणे लिहावेत, तसा हा प्रकार झाला. रुपयांचे आकडे ठसठशीत असल्याने ते वाचले. रेघांतील कित्येक समूळ गेल्या, तर ज्या किंचित तिरप्या होत्या त्यांचे दोन-तीन ठिपके उरले, जे कोणीही शाईचे शिंतोडे समजावेत.

बँकेच्या तपासणीत ज्याला 'टेस्ट चेक' म्हणतात त्याची मला आठवण झाली. अडतीस व्हाउचरांपैकी एक पाहावयाचे आणि बाकीची तशीच असतील असे धरून चालावयाचे. व्हाउचरे एकसारखी असतील तर हे चालून जाते. कोरा कागद, निरभ्र आकाश, भिंत यांवर सँपलने काही बिघडत नाही. बिघडते ते बारकाव्यात.

सर्वांचा विचार घेणारे नियम

वाटणीची वही सुदैवाने हाताशी होती. ते एक पान मी पुन्हा स्कॅन केले, या वेळी टिफ स्वरूपात, आणि एकाच पानाच्या वेगवेगळ्या फिल्टरांनी लहान प्रती काढून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन दिवस त्यात गेले. सांगण्याजोगे त्यातूनच मिळाले.

सर्वांत साधा फिल्टर 'बॉक्स'. चौकोनातील साऱ्या बिंदूंची सरळ सरासरी. बचत खात्याच्या व्याजाचा जुना आणि नवा नियम आठवा. ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून व्याज काढीत. एका आकड्याने साऱ्या महिन्याचे भवितव्य ठरे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मिळू लागले आणि प्रत्येक दिवस हिशेबात आला. सँपल आणि बॉक्स यांत असाच फरक आहे. कागदाचा उजळपणा २३० आणि शाईचा ४० धरला, तर तीन बिंदूंची रेघ ६.२ बिंदूंच्या चौकोनात सरासरीने सुमारे १३८ होते. काळी रेघ करडी झाली, फिकट झाली, पण राहिली. रेघ दोन चौकोनांच्या सीमेवर पडली तर दोघांत वाटली जाते आणि आणखी फिकी दिसते. तरीही तिचा मागमूस उरतोच.

'ट्रँगल' हा फिल्टर मधल्या बिंदूंना अधिक वजन देतो आणि दूरच्यांना कमी. चित्र मऊ दिसते. वहीसाठी मला ते जरा जास्तच मऊ वाटले.

'मिचेल' या फिल्टरविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी या दोघांनी १९८८ मध्ये तो मांडला. नेत्रावळी मुंबईत जन्मलेले, पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेतील प्रख्यात बेल प्रयोगशाळांचे अध्यक्ष झाले. भारत सरकारने २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. या दोघांनी जे केले ते व्यापाऱ्याला पटावे असे आहे. चित्र फार मऊ केले तर धूसर होते, फार टोकदार केले तर कडांभोवती खोटी वलये उठतात. मधला बिंदू कोठे धरावयाचा, हे केवळ समीकरणाने ठरवण्याऐवजी त्यांनी निरनिराळे नमुने माणसांना दाखवले आणि डोळ्यांचा कौल घेतला. त्यातून सूत्रातील दोन्ही अंकांना एक-तृतीयांश ही किंमत सुचवली गेली. इमेजमॅजिक चित्र मोठे करताना, आपण दुसरे काही सांगितले नाही तर, आजही हाच फिल्टर वापरते.

लहान करताना मात्र साधारणतः 'लँक्झॉस'. हे नाव हंगेरीत १८९३ मध्ये जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लँक्झॉस यांचे. बर्लिनमध्ये काही काळ ते आइन्स्टाइन यांचे साहाय्यक होते. हा फिल्टर केवळ आपल्या चौकोनातले बिंदू पाहत नाही, शेजारपाजारही पाहतो. आपल्या ६.२ पट लहान करण्याच्या उदाहरणात तो प्रत्येक बाजूस सुमारे १८, म्हणजे एका दिशेत सदतीसेक बिंदू विचारात घेतो. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की यांतील काही शेजाऱ्यांचे वजन उणे असते. त्यांचा आकडा मिळवावयाचा नसून वजा करावयाचा असतो. त्यामुळे शाईच्या रेघेलगतचा कागद प्रत्यक्षाहून किंचित अधिक पांढरा होतो, रेघ किंचित अधिक गडद होते, आणि ती उठून दिसते. आजोबांच्या आण्यांसाठी हाच मला सर्वांत चांगला वाटला. जाड काळ्या छापील अक्षरांभोवती मात्र याच गुणाचा दोष होतो आणि बारीक पांढरे वलय दिसू लागते. तेथे मिचेल बरा.

लँक्झॉसने लहान केलेल्या पानावर मी आणि घरातून धरून आणलेले आणखी दोघे, अशा तिघांनी वेगवेगळे बसून नोंदी मोजल्या. सँपलमध्ये गळालेल्या उभ्या रेघा ११ निघाल्या, आडव्या ९. अकरा चोक चव्वेचाळीस आणि नऊ, एकूण ५३ आणे. म्हणजेच ३ रुपये ५ आणे. आजोबांची बेरीज एका आण्यानेही चुकलेली नव्हती.

क्षमावाणीच्या दिवशी ते पान आणि दोन्ही प्रती घेऊन मी दादांच्या घरी गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले, बोटांनी रेघा मोजल्या, आणि म्हणाले, "तू बँकेत होतास म्हणून आम्ही निश्चिंत होतो." मग चहा आला. जुन्या कुजबुजीविषयी ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

मंदिराची जाळी आणि उजेडाचा हिशेब

वहीची गोष्ट झाली; छायाचित्रांतही हाच दोष वेगळ्या रूपाने भेटतो. संगमरवराची बारीक जाळी, इरकल साडीचे चौकडे, कौलांच्या ओळी यांची छायाचित्रे लहान केली की त्यांत मूळ वस्तूत नसलेल्या लाटा आणि पट्टे दिसू लागतात. ठरावीक अंतराने येणारी नक्षी आणि ठरावीक अंतराने उचललेले बिंदू यांचा मेळ बसत नाही आणि तिसरीच नक्षी निर्माण होते. तीर्थक्षेत्राची चित्रे संघाच्या पत्रिकेसाठी लहान करणाऱ्यांनी जाळी आणि कोरीव छत यांकडे प्रथम पाहावे. फिल्टर चुकला असेल तर तेथे लगेच कळते.

आणखी एक सूक्ष्म बाब. काळ्याचा आकडा ० आणि पांढऱ्याचा २५५. दोहोंची सरासरी १२८. परंतु १२८ हा आकडा निम्म्या उजेडाचा नाही. संगणकाचे हे आकडे डोळ्यांच्या सोयीने ठरवलेले आहेत, आणि १२८ म्हणजे पांढऱ्याच्या तुलनेत केवळ २२ टक्क्यांच्या आसपास उजेड. खरा निम्मा उजेड १८८ ला येतो. म्हणजे साधी सरासरी काढली की जेथे बारीक काळे-पांढरे काम आहे तेथे चित्र प्रत्यक्षाहून काळवंडते. अंधारी पार्श्वभूमी आणि त्यावर जाळीच्या पांढऱ्या बारीक कडा असे चित्र असेल तर त्या कडा निस्तेज होतात. त्यावर उपाय असा की प्रथम चित्राचे आकडे सरळ उजेडाच्या मापात आणावयाचे, मग लहान करावयाचे, मग पुन्हा नेहमीच्या मापात न्यावयाचे. इमेजमॅजिकमध्ये 'कलरस्पेस' ही आज्ञा लहान करण्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा दिली की हे साधते. मात्र पांढऱ्या कागदावरील काळ्या शाईसाठी मी हे करीत नाही. तेथे साध्या सरासरीची चूक रेघेला अधिक काळी करते, आणि वाचणाऱ्याला तेच हवे असते. शास्त्रशुद्ध रीत येथे आण्याला मारक ठरली असती.

मी आता वापरतो ती ओळ

लिपीच्या सोयीसाठी पुढील ओळ उच्चाराप्रमाणे देत आहे. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करावयाची. प्रत्येक शब्दानंतर जागा सोडावी. जेथे उणे चिन्ह आहे तेथे ते पुढच्या शब्दाला चिकटवून द्यावे.

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ लहान -फिल्टर लँक्झॉस -रिसाइझ ८००एक्स *.टिफ

यातील 'पाथ' हा शब्द सर्वांत मोलाचा. त्यानंतर लिहिलेल्या फोल्डरमध्ये, येथे त्याचे नाव 'लहान', नव्या प्रती जातात आणि मूळ फाइलींना हात लागत नाही. ते फोल्डर आधी तयार करून ठेवावे लागते. ८०० नंतरचे एक्स हे अक्षर म्हणजे रुंदी ८००, उंची प्रमाणात येईल ती. आपल्या पानासाठी ती ११३२ येते. वाचकास पाठवावयाच्या प्रती जेपीजी स्वरूपात हव्या असतील तर 'फॉरमॅट' हा शब्द आणि पुढे जेपीजी असे जोडावे. इमेजमॅजिकच्या जुन्या आवृत्तीत 'मॅजिक' या शब्दाऐवजी 'कन्व्हर्ट' ही आज्ञा असे. विंडोजवर त्याच नावाची एक निराळी आज्ञा डिस्कची मांडणी बदलण्यासाठी आधीपासून आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातील ओळी डोळे मिटून उतरवू नयेत.

मूळ प्रत टिफमध्येच ठेवावी. जेपीजी प्रत्येक वेळी साठवताना काही बारकावा गमावते आणि तो परत येत नाही. मूळ फाइलींचे फोल्डर मी आता 'केवळ वाचनासाठी' करून ठेवतो आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर दादांच्या घरी असते. छापखान्यातून '३०० डीपीआयची फाइल द्या' अशी मागणी आली की अनेक जण तो आकडा फाइलीत बदलून पाठवतात. आकडा बदलल्याने बिंदू वाढत नाहीत. ८०० बिंदूंची प्रत ३०० ने छापली तर पावणेतीन इंचांहूनही किंचित लहान येते.

आता जे परत मिळाले नाही त्याविषयी. बेरीज चुकल्याचे कळेपर्यंत पावसाळा सरत आला होता. मधल्या काळात वाड्याचा मागचा भाग उतरवला गेला. सामान हलवताना सातांपैकी दोन वह्या भिजल्या आणि त्यांची पाने एकमेकांस चिकटून लगदा झाला. यात कोणाचा दोष नाही; त्या माझ्याकडे स्कॅन होऊन पडल्या आहेत असे सर्वांनी समजून चालले होते, आणि तसे मीच सांगितले होते. उरलेल्या पाच वह्यांची २२४ पाने मी पुन्हा स्कॅन केली. त्या दोन वह्यांची ८८ पाने मात्र आता केवळ ८०० बिंदूंच्या, सँपलने लहान केलेल्या प्रतींतच उरली आहेत.

भाच्याने सुचवले की आता मोबाइलवर असे अ‍ॅप मिळते जे धूसर चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट करून देते. मी नको म्हटले. ते अ‍ॅप रेघ काढील, कदाचित योग्य जागीही काढील, पण ती त्याने अंदाजाने काढलेली असेल. छायाचित्रातील फेट्याची घडी अशी भरून काढली तर चालेल. खात्यातील आणे भरणे याला आमच्या व्यवसायात वेगळे नाव आहे.

मार्ग सापडला तो वह्या लिहिण्याच्या रीतीतूनच. पानाची बेरीज पायथ्याशी लिहीत, आणि पुढील पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून तीच रक्कम पुन्हा लिहीत. म्हणजे प्रत्येक बेरीज दोन जागी आहे आणि दोन्ही जागी सँपलने निरनिराळे बिंदू उचललेले आहेत. सँपलने रेघ गळू शकते, नवी उगवू शकत नाही. तेव्हा दोन्हींपैकी जेथे रेघा अधिक, ती रक्कम सत्याच्या अधिक जवळची. बेरीज अशी शक्य तितकी निश्चित केली की तीतून दिसणाऱ्या नोंदींची बेरीज वजा करावयाची. उरतात ते गळालेले आणे. ते कोणत्या नोंदीतले हे नेहमी कळत नाही. जेथे संशयित ठिपके एकाच ओळीत आहेत तेथे कळते. एरवी पानाच्या तळाशी 'न वाचता आलेले आणे' अशी एक ओळ आम्ही घालतो.

पुण्याच्या भगिनी आणि मी दर रविवारी दूरध्वनीवर बसतो. त्या वाचतात, मी मांडतो. ८८ पैकी ३७ पाने झाली आहेत. त्यातील १४ पाने आण्यापर्यंत जुळली.